धानाच्या बांध्यांमधून बोट

बोट घ्यायची, हे आमच्या घरात आधी मी म्हणाले. नवऱ्यानं ऐकलं आणि कूस बदलली. त्या वर्षी ते फारसं काहीच बोलत नव्हते.

आम्ही ढिवर. चोरखमाऱ्याच्या तलावाकडचं आमचं गाव. तलाव बांधणारे आणि त्याचं पाणी धानाच्या बांध्यांपर्यंत, म्हणजे भाताच्या खाचरांपर्यंत, नेणारे लोक वेगळे. आम्ही त्याच पाण्यातून मासे काढणारे. मी गावातल्या अंगणवाडीत सेविका आहे. नवरा लहानपणापासून डोंग्यावरचा माणूस. डोंगा म्हणजे एकाच झाडाचं खोड कोरून केलेली होडी. तिच्यात उभं राहायचं, लांब बांबू डोक्याच्या वर उचलायचा, तळाला टेकवायचा आणि सगळं अंग त्यावर टाकून पुढे सरकायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी काठावरून बघत बसायची. डोंगा दिसायचाच नाही, माणूस पाण्यावरून चालत गेल्यासारखा वाटायचा.

नागझिऱ्याच्या जंगलाकडून येताना त्यांच्या गाडीसमोर रानडुकरं आली. जीव वाचला, उजवा खांदा गेला. ऑपरेशन झालं, हात जागेवर बसला, पण छातीच्या वर उठेना. जेवता येई, शर्टाच्या गुंड्या लावता येत, बांबू मात्र उचलता येत नव्हता. मग ते रोज सकाळी तलावाच्या पाळीवर जाऊन बसू लागले. डोंगा काठावरच्या झाडाला बांधलेला असायचा. त्यात पावसाचं पाणी साचलं, मग पानं साचली, मग त्यात बेडकं राहायला आली. त्यांनी बेडकं हाकलली नाहीत, पाणीही उपसलं नाही. दुपारी घरी यायचे, जेवायचे आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे.

मी तांदूळ निवडता निवडता मोबाइलवर बोटींचे व्हिडिओ बघायला लागले. कोकणातल्या, केरळातल्या, कुठल्या कुठल्या परदेशातल्या बोटी. सगळ्या बोटींत एक गोष्ट सारखी असायची. मागच्या टोकाला माणूस बसलेला, आणि त्याचा एक हात मोटरीच्या दांड्यावर. एकच हात, तोही कमरेपाशी. ते बघून माझी बोटं तांदळात तशीच थांबायची. पुढे पुढे बोटी मला मोबाइल बंद असतानाही दिसू लागल्या. अंगणवाडीत पोरांचं वजन करताना काट्याची झोळी हलायची आणि मला वाटायचं, लाट आली. मदतनीस बाई विचारायच्या, "मॅडम, काऊन हसून राहिल्या?" काय सांगणार!

आषाढात माहेरून आईचा फोन आला. माझं माहेर इटियाडोह धरणाच्या बाजूला आहे. पावसाळ्यात माशांच्या पैदाशीसाठी मासेमारी बंद असते, म्हणून कोणाला बोट विकायची असेल तर ती याच दिवसांत निघते. आई म्हणाली, "अठी एक म्हातारा मोटरीची बोट विकून राहिला. जवायाले घेऊन ये." जवाई यायला तयार नव्हते. "मशीन लावून, भेव दाखवून मासे धरायचे का?" असं म्हणाले. पण आईनं बोलावलंय म्हटल्यावर नाही कसं म्हणणार? सासुरवाडीचा मान असतो. गोंदियाहून बल्लारशाच्या गाडीनं अर्जुनीला उतरलो. गाडीत ते खिडकीबाहेर बघत होते आणि मी त्यांच्या मांडीवर पडलेल्या उजव्या हाताकडे.

म्हातारा आणि म्हातारी दोघंच राहत होते. घर पाण्यापासून हाकेच्या अंतरावर. अंगणात मोहाच्या झाडाखाली बोट पालथी घातलेली. फायबरची, बाहेरून निळी. निळा रंग इतका उडालेला की वरच्या ढगाळ आभाळाच्याच रंगाची ती दिसत होती. आम्ही आलेलं म्हाताऱ्यानं पाहिलं आणि मोठ्यानं ओरडला, "या! या! बसा!" पलीकडच्या डोंगरापर्यंत आवाज गेला असेल. म्हातारी आतून पाणी घेऊन आली आणि हसून म्हणाली, "त्यायले ऐकू येत नाई. मोटरीनं कान खाल्ले. म्हून ओरडते. तुमी घाबरू नोका."

मोटर घरात होती, गोधडीत गुंडाळून कोपऱ्यात उभी केलेली. म्हाताऱ्यानं ती उचलून आणली आणि अंगणात लाकडाच्या घोडीवर टांगली. मी पहिल्यांदा तिच्यावर हात ठेवला. व्हिडिओत सांगितलेलं होतं, जुनी मोटर घ्यायला गेलात तर आधी बघा, ती गरम आहे का. आजारी मोटर गिऱ्हाईक यायच्या आधीच चालू करून ठेवतात, म्हणजे नंतर ती झटकन सुरू होते. मोटर गार होती. म्हातारीच्या ते लक्षात आलं. "तपवून नाई ठेवली वो बाई," ती म्हणाली. मी शरमले. पण ती रागावली नव्हती. शेजारी येऊन बसली आणि मी काय काय बघते ते कौतुकानं बघू लागली.

मी पंखा बघितला. त्याच्या एका पात्याला दाढ पडल्यासारखी खाच होती. खालच्या डब्यातलं तेल बोटावर घेऊन बघितलं. आत पाणी शिरलं असेल तर ते दुधासारखं दिसतं. ते काळंच होतं. मग मी बोटीकडे गेले आणि बोटांच्या पेरांनी तिची पाठ वाजवू लागले. नवरा लांब उभा होता, धरणाच्या पाण्याकडे तोंड करून. मी वाजवत होते आणि मला काहीच कळत नव्हतं. सगळीकडून एकच आवाज.

"तसं नाई," मागून आवाज आला.

ते आले, गुडघ्यावर बसले, बोटीला कान लावला आणि डाव्या हातानं ठोकू लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हळूहळू, गुडघ्यांवर सरकत. ठण, ठण, ठण. बोटीच्या पोटाशी आले तेव्हा आवाज बदलला. ठप. ते थांबले. पुन्हा ठोकलं. ठप.

म्हाताऱ्याला आवाज ऐकू आला नव्हता, पण हात कुठे थांबला ते दिसलं होतं. तो आनंदानं ओरडला, "तेच! तेच जागा! खुंटाले लागली होती! मीच डागडुजी केली, पन आत पानी राहून गेलं!"

"आनखी कोठी?" नवऱ्यानं खुणेनं विचारलं. म्हाताऱ्यानं त्यांचा डावा हात धरला आणि मागच्या फळीवर नेऊन ठेवला. या फळीवर मोटर टांगतात. त्यांनी अंगठा दाबला. एका कोपऱ्यात तो किंचित आत गेला. वरून फायबर होतं, आतलं लाकूड मऊ पडलं होतं. म्हातारा त्यांच्या तोंडाकडे बघत राहिला. विकणारा माणूस आपल्या वस्तूची खोड स्वतः दाखवतो, हे मी पहिल्यांदा बघत होते. नवऱ्यानं मान हलवली. घ्यायची की नाही, ते त्या मानेवरून कळलं नाही.

"पान्यात पाहू," मी म्हणाले.

चौघांनी मिळून बोट सरळ केली, पाण्यात लोटली आणि मागच्या फळीवर मोटर टांगली. म्हातारी काठावर थांबली. म्हाताऱ्यानं दोरी ओढली. मोटर खोकली, धूर सोडला आणि गप्प बसली. पुन्हा ओढली तेव्हा सुरू झाली. मी वाकून बघत होते. मोटरीच्या अंगातून पाण्याची बारीक धार बाहेर पडली पाहिजे, नाहीतर ती आतून जळते. धार आली. लहान पोरानं मुतावं तशी, वाकडी, पण न थांबणारी. मी एवढी खुश झाले की म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारली. मग मला लाजच वाटली.

काठ मागे राहिला. नवरा पुढच्या टोकाला आमच्याकडे पाठ करून बसले होते. थोडं गेल्यावर म्हाताऱ्यानं त्यांना हाक मारली आणि दांडा दाखवला, धरा. त्यांनी मागे बघितलं आणि नाही म्हटलं. म्हातारा माझ्याकडे वळला. "तू धर, पोरी."

मी धरला. दांडा उजवीकडे केला की बोट डावीकडे जाते, डावीकडे केला की उजवीकडे. हे मला व्हिडिओवरून पाठ होतं. हाताला ते माहीत नव्हतं. बोट नागमोडी जाऊ लागली. मी ओरडत होते, हसत होते, दांडा माझ्या हातात थरथरत होता आणि ती थरथर खांद्यातून दातांपर्यंत येत होती. समोर पाण्यातून वाळलेल्या सागाची झाडं उभी होती. धरण भरलं तेव्हापासून ती तशीच उभी आहेत. त्यांच्या फांद्यांवर पाणकावळे पंख उघडून बसले होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले.

खालून खट्ट आवाज आला. मोटर एकदम मोठ्यानं किंचाळली, पण बोट पुढे जाईना. म्हाताऱ्यानं हात पुढे करून ती बंद केली. पाण्याखालच्या खुंटाला पंखा लागला होता आणि पंखा ज्या छोट्या पिनेवर बसतो ती पिन तुटली होती. ती तुटण्यासाठीच असते, म्हणजे मोटर वाचते. हे मला माहीत होतं. तरी मी रडायच्या बेतात आले.

मोटर बंद झाल्यावर जी शांतता आली, तशी मी कधी ऐकली नव्हती. आधी कानात मोटरीचाच आवाज घुमत राहिला. मग तोही विरला. बोट हळूहळू फिरत होती, कोणी न फिरवता. एकदा डोंगर समोर आले, मग सागाची झाडं, मग लांबचा काठ आणि काठावर गव्हाच्या दाण्याएवढी म्हातारी. आभाळ खालीही होतं आणि वरही, आणि आम्ही दोन्हींच्या मधल्या शिवणीवर अडकलो होतो. फायबर इतकं पातळ असतं की पायाखालून जाणारं पाणी तळव्यांना कळतं. कोणीतरी झोपेत तळव्यावरून हाताचं बोट फिरवावं तसं ते फिरत होतं. मला भीती वाटायला हवी होती, कारण मला पोहता येत नाही. भीती वाटली नाही. आपण कुठून आलो आणि कशाला आलो, तेही क्षणभर आठवेना. अंगणवाडी, घर, दवाखान्याच्या फेऱ्या, सगळं कोणा दुसऱ्या बाईचं होतं.

म्हातारा आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होता. मग तो बोलला, आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला.

"मले रोजच असं वाटते," तो म्हणाला.

नवरा उठले. बोट हलली. ते वाकत वाकत मागे आले, मोटर वर उचलून पाण्याबाहेर काढली आणि म्हाताऱ्यापुढे हात पसरला. म्हाताऱ्यानं कमरेच्या गाठीतून नवी पिन काढून दिली, पक्कड दिली. नवरा मागच्या फळीवर पालथे पडले. पिन दातात, पक्कड डाव्या हातात. आणि उजवा हात पंख्यावर. मी बघत राहिले. काम छातीच्या खालीच होतं. तिथे तो हात अजून त्यांचाच होता. बोटं चाचपत होती, पिळत होती, जराही कापत नव्हती. त्यांनी तुटलेले तुकडे काढले, नवी पिन बसवली, पंखा फिरवून बघितला. उठले तेव्हा त्यांच्या छातीला शेवाळ लागलेलं होतं आणि कपाळाला ग्रीस.

त्यांनी मला विचारलं नाही. डाव्या हातानं दोरी ओढली, मोटर सुरू झाली, आणि दांडा धरून बसले. मी पुढे जाऊन त्यांच्या जागेवर बसले. पाठ करून नाही, त्यांच्याकडे तोंड करून. ते बोट सरळ काठाला नेतील असं वाटलं होतं. त्यांनी ती सागाच्या झाडांना वळसा घालून पलीकडच्या डोंगराकडे नेली, तिथून काठाकाठानं, पाण्याच्या प्रत्येक खाचेत शिरत. म्हाताऱ्यानं मोटरीच्या टोपणावर तळहात ठेवला होता आणि डोळे मिटले होते. ताप बघावा तसा. "चांगली चालून राहिली!" तो ओरडला. ते खरं होतं.

काठावर आलो तेव्हा म्हातारी वैतागून उभी होती. तिला वाटलं होतं, आम्ही बुडालो. किमतीचं बोलणं तिनं आणि मी केलं. दोघींनाही घासाघीस जमत नव्हती, म्हणून लवकर आटोपलं. विकता कशाला, असं मी शेवटी विचारलं.

"हिवाळ्यात धुकं होतं," ती म्हणाली. "एक जन जाळं काढून राहिला होता. यायनं बोट त्याच्या अंगावरच नेली. तो बोंबलून राहिला, यायले ऐकूच नाई. पान्यात उडी मारली म्हून वाचला तो. त्या दिशी मीच म्हनलं, आता बस झालं." मग म्हणाली, "मानलं माहं. पन मोटर गोधडीत ठेवली त्यायनं, मले गोधडी नाई भेटली!"

आम्ही दोघी हसलो. म्हातारा काय झालं म्हणून आमच्याकडे बघू लागला. तिनं त्याला काही सांगितलं नाही, नुसता त्याच्या खांद्यावरचा पालापाचोळा झटकला. बोटीसोबत दोन वल्ही होती. त्यातलं एक त्यानं आम्हाला दिलं आणि दुसरं घेऊन घरात गेला. "हे नाई देत," असं आतूनच ओरडला. कोणी मागितलंही नव्हतं.

रात्र आईकडे काढली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिकअपवर बोट चढवली. केबिनमध्ये तिघांना जागा होती, तरी मी मागे बोटीत बसायचा हट्ट धरला. ड्रायव्हर गोंदियाचा होता. "भाभी, पुलिसवाला पकडेगा," म्हणाला. मग नवऱ्याच्या तोंडाकडे बघून म्हणाला, "चलो, कोहमारा के पहले उतर जाना." नवरा खिडकीतून मान बाहेर काढून मला म्हणाले, "घट्ट धरून बसजो."

नवेगावबांधच्या पुढे पाऊस लागला. भुरभुर, कपडे भिजवायला वेळ घेणारा. मी प्लास्टिक डोक्यावर घेतलं आणि बोटीच्या मधल्या पाटावर बसून राहिले. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या पाण्यानं भरलेल्या, आणि आम्ही मधून चाललेलो. रस्ता मला बोटीतून दिसत नव्हता. दिसत होतं ते फक्त पाणी, धानाच्या रोपांचे कोवळे हिरवे पऱ्हे आणि पुन्हा पाणी. बोट त्यातूनच चालली होती. कडेच्या बाभळी वाकून फांद्या अंगाला लावत होत्या, मी त्या हातानं बाजूला सारत होते. हळूहळू बोटीत पाणी साचलं. माझे पाय घोट्यापर्यंत त्यात बुडाले. वळणावर ते सगळं पाणी एका बाजूला जायचं आणि मग परत यायचं, आणि मी मनातल्या मनात दांडा वळवायची.

रोवणीवर असलेल्या बाया कंबर सरळ करून उभ्या राहायच्या. हातात रोपांच्या पेंढ्या, तोंडं उघडी. एक जण ओरडली, "अवो बाई, कोनाच्या गावाले पूर आला?" दुसरी म्हणाली, "आमाले घेऊन चाल वो!" मी हात हलवला. त्या सगळ्यांनी हात हलवले, चिखलाचे हात. एका बांधीत सारसाची जोडी उभी होती. ती बोट बघून उडाली नाही. मोठ्या सारसानं फक्त मान लांब केली आणि आम्ही दिसेनासे होईपर्यंत वळवत नेली. मला वाटलं, हे कधी संपू नये. कोहमाऱ्याला हायवे लागतो, त्याच्याआधी ड्रायव्हरनं गाडी थांबवली आणि मी उतरले. ओली चिंब. नवऱ्यानं गळ्यातला दुपट्टा काढून दिला.

घरी आल्यावर ती मागची फळी बदलायची होती. "बिजाच्या झाडाचं लाकूड टाकतो," ते म्हणाले. "पान्यात सडत नाई." त्यांनी स्वतः जाऊन लाकूड आणलं, सुताराला घरी बसवलं आणि त्याच्या मागे उभं राहून त्याला इतक्या सूचना केल्या की तो कंटाळून म्हणाला, "मंग तुमीच करा ना भाऊ!" त्यांनी पटाशी घेतली आणि खरंच बसले. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. बरीच वर्षं बंद असलेला रेडिओ लागावा तसं ते बोलत होते. पाण्याबद्दल, खुंटांबद्दल, म्हाताऱ्याबद्दल. जेवताना बोलत, हात धुताना बोलत.

मासेमारी सुरू झाली तेव्हा प्रश्न राहिला जाळं ओढायचा. एका हातानं बोट चालवता येते, पण जाळं ओढायला दोन खांदे लागतात. आमच्यात बाया मासे विकतात, बोटीवर जात नाहीत. मी म्हणाले, सुटीच्या दिवशी मी येते. गावात दोन-चार दिवस बोलणं झालं, मग लोकांना दुसरा विषय मिळाला.

पहिल्या दिवशी पहाटे गेलो. तलावावर वाफ होती, काठ दिसत नव्हता. जाळं ओढताना माझ्या हातांची सालं निघाली. रोहू मिळाले, थोडी मरळ मिळाली, एक कासव मिळालं ते सोडून दिलं. परत निघालो तोवर ऊन वर आलं होतं. मी ओल्या जाळ्याच्या ढिगाला टेकले, एक हात पाण्यात सोडला, आणि मोटरीच्या आवाजात मला कधी झोप लागली कळलं नाही.

जाग आली तेव्हा मोटर बंद होती. बोट तलावाच्या भलत्याच टोकाला, कमळांत जाऊन थांबली होती. माझ्या तोंडावर ऊन येऊ नये म्हणून त्यांनी वल्ह्यावर दुपट्टा टांगला होता आणि स्वतः उन्हात बसून जाळ्याची फाटकी जागा विणत होते.

"काऊन उठवलं नाई?" मी विचारलं. "मासे खराब होतील ना."

"ओला बारदाना टाकला त्याईवर," ते म्हणाले आणि सुई जाळ्यातून काढली. "झोप आनखी थोडी. मी आहो जागा."